तारापूरला जायचं तर बोईसरला उतरा

बोईसर स्टेशनच्या बाहेर रिक्षांच्या रांगेजवळ थोडा वेळ उभे राहा. पाठीला बॅग अडकवलेला कुणीतरी बाहेरगावचा मुलगा येणार आणि म्हणणार, "तारापूर जाना है." रिक्षावाला विचारणार, "कौनसा तारापूर?" मुलगा गडबडतो, खिशातून नेमणुकीचं पत्र काढतो. त्यावर लिहिलेलं असतं: तारापूर औद्योगिक वसाहत. ती इथेच, सालवड, पास्थळ, कुंभवलीच्या अंगणात. तारापूर गाव वेगळं. ते चिंचणीच्या अलीकडे, खाडीकाठी. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत 1739 साली पोर्तुगीजांकडून घेतलेल्या किल्ल्याचं ते गाव. अणुवीज केंद्र आणखी तिसरीकडे, समुद्राला लागून. त्याचे तिसरा आणि चौथा संच उभे राहिले तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. नाव एक, जागा तीन. तारापूर एमआयडीसीत नोकरी लागली तर बोईसरला उतरायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नवख्याला कोण सांगणार?

टपालखात्याने हा घोळ कधीच निस्तरला. तारापूर गावाचा पिन 401502, अणुवीज केंद्राचा 401504, औद्योगिक वसाहतीचा 401506. पत्रावर नुसतं 'तारापूर' लिहा, भाषा कुठलीही वापरा, अक्षर कसंही असो. शेवटचा आकडा बरोबर असेल तर पत्र चुकत नाही. ही व्यवस्था ज्यांनी आणली ते मराठी गृहस्थ होते. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं, पत्ता लिहिण्याच्या अनेक भाषा आणि त्यात चुकलेले पत्ते, या तिन्हींवर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. 15 ऑगस्ट 1972 पासून तो देशभर लागू झाला. आपल्या पालघर तालुक्यात एक माहीम आहे आणि मुंबईत एक माहीम आहे. 401 आणि 400 या पहिल्या तीन आकड्यांतच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

इंटरनेटवरच्या आपल्या सरकारी पत्त्यांना असा वेलणकर अजून भेटलेला नाही. त्याची किंमत कोण मोजतं, ते मी पालघरला एका झेरॉक्सच्या दुकानात पाहिलं.

*

सप्टेंबर 2025. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली होती. स्टेशनजवळच्या त्या दुकानात झेरॉक्स, पॅनकार्ड, रेल्वेचं तिकीट, सगळं एकाच काचेमागे होतं. रांगेत माझ्या पुढे मासवणहून एसटीने आलेली एक बाई होती. दुधाच्या रिकाम्या पिशवीत आधार कार्डं गुंडाळलेली, एक तिचं, एक नवऱ्याचं. आत बसलेला पोरगा हुशार, हात चपळ. त्याने पत्त्याच्या पट्टीत पत्ता घातलाच नाही. शोधाच्या चौकटीत योजनेचं नाव आणि पुढे केवायसी असं रोमन अक्षरांत ठोकलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं. त्या ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असं लिहिलेलं होतं. पान उघडलं. गुलाबी पट्टी, हसऱ्या बायकांचा फोटो, खाली आधार क्रमांकाची चौकट. बाई आकडे सांगू लागली.

मी म्हटलं, "थांब रे. आधी वरचा पत्ता वाच."

पोरगा म्हणाला, "काका, बरोबर आहे. लाडकी बहीण लिहिलंय की."

लिहिलेलं होतंच. पण ते नाव पत्त्याच्या डाव्या टोकाला होतं, आणि डाव्या टोकाला कुणीही काहीही लिहू शकतो. माझ्या दारावर मी 'जिल्हाधिकारी कार्यालय' अशी पाटी लावली म्हणून माझ्या घरात दाखले मिळत नाहीत. खरं काय ते उजव्या टोकाला कळतं, आणि तिथे 'गव्ह डॉट इन' नव्हतं. ते पान कुणाचं होतं, देव जाणे. सरकारचं नव्हतं एवढं नक्की.

मावशींना काय सांगावं, मला क्षणभर सुचेना. मग त्यांच्याच आधार कार्डावरचा पत्ता दिसला. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. मी म्हटलं, "मावशी, हे कागदावर कसं लिहितात? आधी घर, मग गाव, मग तालुका, शेवटी जिल्हा. पोस्टातला माणूस पत्र कुठून वाचतो?" त्या म्हणाल्या, "शेवटून. आधी जिल्हा बघणार." झालं. इंटरनेटचा पत्ता हुबेहूब तसाच असतो. 'इन' म्हणजे भारत. त्याच्या डावीकडे 'गव्ह', म्हणजे सरकारचा वाडा. त्याच्या डावीकडे 'महाराष्ट्र', वाड्यातलं आपल्या राज्याचं दालन. आणि त्याच्याही डावीकडे 'लाडकी बहीण', त्या दालनातली एक खोली. शेवटून वाचत आलात तर फसवणारा पहिल्या दोन पायऱ्यांतच उघडा पडतो.

पोरग्याने खरा पत्ता टाकायला घेतला आणि पुन्हा अडला. सरकारी पत्त्यात 'लाडकी' हा शब्द रोमन अक्षरांत लिहिताना 'डी' आणि 'के' यांच्यामध्ये एक 'ए' घातलेला आहे. आपण मोबाईलवर लिहिताना तो 'ए' घालतो का? नाही घालत. पोरग्यानेही घातला नाही. पान उघडेना, म्हणून तो परत शोधाच्या चौकटीकडे वळला, आणि तिथे वरती तोच प्रायोजित दुवा वाट बघत होता.

एका अक्षराचा फरक आहे. पण कोट्यवधी बायकांच्या योजनेचा पत्ता ठरवताना त्या बायका, त्यांची पोरं आणि झेरॉक्सवाला तो शब्द कसा लिहितील, हे आधी कुणीतरी चार ठिकाणी विचारायला हवं होतं. विक्रमगडच्या बाजारात विचारलं असतं तरी चाललं असतं. आणि दोन्ही स्पेलिंगं घेऊन ठेवली असती, चुकीच्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप बरोबर पानावर गेला असता, तर त्यात सरकारचा एक रुपयाही जादा गेला नसता. मूळ पत्ता हातात असला की त्याच्या पोटात कितीही पत्ते काढता येतात, फक्त एका नोंदीचं काम असतं. खोट्या संकेतस्थळांपासून सावध राहा, असं नंतर बायकांना सांगावं लागलं. सावध राहण्याचं काम बायकांवर टाकणं सोपं असतं.

*

हे एकाच योजनेपुरतं असतं तर मी सदर खर्ची घातलं नसतं.

सातबारा हवाय? पत्ता 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन'च्या पोटात. उत्पन्नाचा दाखला? 'महाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन'च्या पोटात. रेशनसाठी 'महाफूड'. दस्तनोंदणीसाठी 'आयजीआर महाराष्ट्र'. शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे, एवढं तरी नशीब. पण ही चारही कामं एकाच राज्य सरकारची आहेत, एकाच तहसीलच्या आवारात होतात, आणि नावं मात्र चार कुळांची. ज्याला एक सापडलं त्याला दुसरं सापडेल असा काही धागा नाही. प्रत्येक खात्याने नवा बंगला बांधला आणि नाव ठेवताना शेजाऱ्याला विचारलं नाही.

विजेच्या कंपनीला आपण सगळे महावितरण म्हणतो. बिलावर महावितरण, गाडीवर महावितरण, वायरमनच्या तोंडी महावितरण. इंटरनेटवर गेलं की तिचं नाव 'महाडिस्कॉम डॉट इन'. 'आज रात्री तुमची वीज कापली जाईल' असे मेसेज पाठवून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या वर्षानुवर्षं चालल्या आहेत, आणि महावितरणला ग्राहकांना पुन्हा पुन्हा इशारे द्यावे लागले आहेत. अशा मेसेजखालचा दुवा खरा की खोटा, हे डहाणूच्या म्हाताऱ्याने कशावरून ओळखायचं? जे नाव त्याला माहीत आहे ते पत्त्यात नाही, आणि जे पत्त्यात आहे ते त्याने कधी ऐकलेलं नाही.

आणि नंबरप्लेट! याच्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे सरकारने लोकांना चुकीचं वाचायला शिकवलं. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावणं सक्तीचं झालं. राज्याचे तीन विभाग पाडले, तीन कंपन्यांना काम दिलं आणि प्रत्येकीचा वेगळा पत्ता. 'एमएचएचएसआरपी डॉट कॉम'. 'एचएसआरपीएमएचझोन2 डॉट इन'. 'महाराष्ट्रएचएसआरपी डॉट कॉम'. तिन्ही खरे, आणि एकाच्याही शेवटी 'गव्ह' नाही. एमएच-48 ची जुनी स्कूटर घेऊन बसलेल्या माणसाला विचारा, यातला आपला कोणता आणि चौथा एखादा निघाला तर तो खोटा कशावरून. मला विचाराल तर मलाही नुसत्या नावावरून सांगता येणार नाही. असले पत्ते कुणीही हजार रुपयांच्या आत विकत घेऊ शकतो. चोरांनी घेतलेच. नंबरप्लेटच्या नावाने खोटी संकेतस्थळं निघाली आणि परिवहन खात्याला पोलिसांत धाव घ्यावी लागली. 'एचएसआरपी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असा एकच दरवाजा ठेवला असता, आणि आत गेल्यावर गाडीचा नंबर विचारून माणसाला त्याच्या कंपनीकडे पाठवलं असतं, तर खोट्याला उभं राहायला जागा मिळाली नसती. कंत्राट कुणालाही द्या. पाटी सरकारचीच हवी.

महापालिकांचंही तेच. 'एनएमसी डॉट गव्ह डॉट इन' म्हणजे नाशिक. नागपूरचं 'एनएमसीनागपूर'. नवी मुंबईने एक 'एम' वाढवला, 'एनएमएमसी'. आणि 'एनएमसी डॉट ओआरजी डॉट इन' उघडलंत तर दिल्लीचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. इंग्रजी आद्याक्षरांचा हा सोस कशासाठी? नाशिकचा माणूस आपल्या गावाला एनएमसी म्हणतो का?

*

नावांना शिस्त लावता येते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं की बँकांसाठी 'बँक डॉट इन' हा राखीव मोहल्ला असेल. एप्रिलमध्ये परिपत्रक निघालं आणि 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत पडली. तिथे घर फक्त बँकेलाच मिळणार, आणि कागदपत्रं तपासून नोंद करणार हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने उभी केलेली संस्था. स्टेट बँकेलाही तोच नियम आणि नागरी सहकारी बँकेलाही तोच. वसई-पालघर पट्ट्यात सहकारी बँकांवर माणसाचा जीव आहे. कोळ्याची बचत, वाडवळाच्या बागेचं कर्ज, शिक्षकाचा पगार, सगळं तिथे. त्या बँकांची नावं कधी 'डॉट कॉम', कधी 'डॉट को डॉट इन', कधी आणखी काही अशी विखुरलेली होती. आता ग्राहकाला एकच गोष्ट पाठ करायची आहे: शेवटी 'बँक डॉट इन' नसेल तर पासवर्ड टाकायचा नाही. ज्या कामाला वर्षं लागतील असं वाटायचं ते सहा महिन्यांच्या मुदतीत बसवलं, कारण कुणीतरी तारीख घालून हुकूम काढला.

ब्रिटनमध्ये 17 ऑक्टोबर 2012 ला 'गव्ह डॉट यूके' सुरू झालं आणि खात्याखात्यांची शेकडो संकेतस्थळं त्या एका छपराखाली आली. गाडीचा परवाना असो की पेन्शन, नागरिकाने एकच दार ठोठवायचं. कुठलं काम कुठल्या खात्याकडे, हे नागरिकाने का म्हणून पाठ करावं?

*

थोडं मागे जाऊ, कारण हा प्रश्न इंटरनेटच्या जन्मापासूनचा आहे. सुरुवातीला जगभरच्या जोडलेल्या संगणकांची नावं एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाई आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचं, मग त्या यादीत नाव चढवणार, आणि बाकी सगळ्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. गाव लहान होतं तोवर चाललं. संगणक वाढले तसं पाटलाच्या एका वहीत सगळं गाव मावेना. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वही वाटून टाकायची रीत बसवली. सगळ्यात वरच्याने फक्त एवढं सांगायचं की 'इन' कुणाकडे आहे. 'इन'वाल्याने सांगायचं 'गव्ह' कुणाकडे. असं खाली खाली. आज तुम्ही पत्ता टाकता तेव्हा तुमच्या वतीने यंत्र हेच करतं, नाक्यानाक्यावर विचारत जातं, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. सर्वात वरच्या नाक्याला तेरा नावं आहेत, ए पासून एम पर्यंत. त्यातल्या 'आय'ची एक प्रत मुंबईतही बसवलेली आहे.

आपल्या 'इन'ची वही 1989 पासून मुंबईतच होती. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत. तेव्हा नाव मिळवायला संस्थेची कागदपत्रं द्यावी लागत आणि हात आखडता असे. 2004 पर्यंत सगळ्या देशात मिळून सात हजारांच्या आसपासच नावं नोंदली गेली होती. 2005 च्या सुरुवातीला वही 'निक्सी' या संस्थेकडे गेली, दार सर्वांना उघडलं, आणि पहिला येईल त्याला नाव मिळू लागलं. आकडा लाखांत गेला. हे चांगलंच झालं, पण याच उघड्या दारातून चोरही आत आले. म्हणून तर आत राखीव वाडे हवेत: 'गव्ह', शिक्षणसंस्थांचा 'एसी', 'बँक'. वाडे आहेत. आपली खाती त्यांच्या बाहेर तंबू ठोकून बसतात, हे दुखणं आहे.

आता एक गोष्ट, जी पालघरकरांना सांगताना मला फार बरं वाटतं. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, राज्याचा छत्तिसावा. त्याच महिन्यात, 27 ऑगस्टला, 'डॉट भारत' सुरू झालं. देवनागरीत, मराठीलाही चालणारं. म्हणजे पालघर आणि डॉट भारत ही एकाच महिन्यातली भावंडं. जिल्ह्याला मुख्यालय मिळालं, कोळगावला मोठी इमारत उभी राहिली. डॉट भारत मात्र दारातच राहिलं. पुढे निक्सीने 'इन'सोबत ते फुकट देऊ केलं, तरी मला आमच्या बाजारात एकाही दुकानाच्या पाटीवर ते दिसलेलं नाही.

का, ते उघड आहे. यंत्रांना आतून देवनागरी कळत नाही. 'भारत' हा शब्द ती 'एक्सएन--एच2बीआरजे9सी' असा करून घेतात, आणि कित्येक ठिकाणी तोच अगम्य मजकूर माणसाच्या तोंडावर फेकतात. फॉर्ममध्ये देवनागरी ईमेल टाकला तर फॉर्म म्हणतो, पत्ता चुकीचा आहे. चुकीचा पत्ता नाही, फॉर्म चुकीचा आहे! आपल्याच राज्याच्या सेवांच्या फॉर्मांनी डॉट भारतचा पत्ता आधी स्वीकारायला हवा. मग जगाला सांगता येईल.

लिपीचे प्रश्न खरे आहेत, ते मी झटकून टाकत नाही. 'ऱ्हस्व' किंवा 'दऱ्या' लिहिताना जो अर्धा र येतो, तो टंकण्याचे दोन मार्ग आहेत. एकात अक्षरांमध्ये न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. फसवणाऱ्याला असंच हवं असतं. म्हणून इंटरनेटच्या सर्वांत वरच्या यादीसाठी देवनागरीचे नियम लिहिताना, ज्या गटात आपल्या सी-डॅकची माणसं होती, त्या न दिसणाऱ्या चिन्हाला जागा दिली नाही आणि नुक्त्याचा ऱ मात्र ठेवला. मराठीचा तो अर्धा र राहिला. हे काम कुणाच्या नजरेत येत नाही, त्याचा सत्कार होत नाही, पण त्यांनी ते बारकाईने केलं.

पुढचं आपण करायचं. बोईसर कसं लिहायचं, ते तरी ठरवू या. दुकानांच्या पाट्यांवर मी 'बोईसर', 'बोइसर', 'बोयसर' अशी तिन्ही रूपं वाचली आहेत. माणसाला तिन्ही एकच. यंत्राला तीन गावं. उद्या तिथल्या ग्रामपंचायतीने देवनागरीत नाव घ्यायचं म्हटलं तर एक रूप ती घेईल आणि उरलेली दोन कुणीतरी भलताच घेईल. तिन्ही एकाच हाती हवीत.

*

माझ्या एका मित्राचं एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड आहे. चार वेल्डर, दोन हेल्पर, स्वतः सकाळी साडेसातला हजर. दहा वर्षांपूर्वी एका मुलाकडून त्याने वेबसाइट करून घेतली. डोमेन त्या मुलाच्या नावावर, ईमेल त्या मुलाचा, पैसे वर्षाला एकदा रोख. मुलगा नोकरीला लागून दुसऱ्या राज्यात गेला. नूतनीकरणाच्या आठवणी त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर येत राहिल्या. मुदत संपली, सोडवून घ्यायचे वाढीव दिवसही संपले. वापीच्या जुन्या गिऱ्हाईकाचा फोन आला, "शेठ, आपने धंदा बदल लिया क्या?" मित्राच्या कंपनीच्या नावाने उघडत होतं जुगाराचं पान. त्याच नावावरचे ईमेलही गेले. ज्यांच्या कोटेशनची तो वाट बघत बसला होता, ती कोटेशनं कुठे गेली कुणास ठाऊक.

मी त्याला म्हटलं, गाळ्याचा करारनामा तू दुसऱ्याच्या नावाने केला असतास का? तो म्हणाला, "मला वाटलं ते नाव म्हणजे पाटी. रंगाऱ्याने रंगवली, झालं."

चूक त्याची आहे, पण एकट्याची नाही. प्लॉटचा सातबारा कसा बघायचा हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं. डोमेन कुणाच्या नावावर आहे तेही बघून घ्यावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. कारखानदारांच्या संघटना करभरण्यावर, बॉयलरवर, सांडपाण्यावर शिबिरं घेतात. एक दुपार यासाठी द्या. नोंदणी मालकाच्या नावावर, ईमेल मालकाचा, मुदत एकदम पाच वर्षांची आणि मोबाईलमध्ये त्या तारखेची आठवण. एवढंच शिकवायचं आहे. घोलवड-डहाणूच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वारली चित्रकलेला त्याआधीच मिळालेलं आहे. बागायतदारांच्या आणि वारली चित्रकारांच्या संस्थांनीही आपापली नावं इंटरनेटवर स्वतःच्या हाती ठेवावीत. मानांकनाचा कागद कपाटात आणि नाव परक्याच्या खिशात, असं होऊ देऊ नका.

*

जिल्हाधिकारी कार्यालयाचा पत्ता 'पालघर डॉट गव्ह डॉट इन' आहे. साधा, सरळ, पोरालाही लिहिता येईल असा. या एका नावाच्या पोटात अख्खा जिल्हा मावतो. वाडा डॉट पालघर, मोखाडा डॉट पालघर, तलासरी डॉट पालघर. आठही तालुके, जिल्हा परिषद, जव्हार आणि डहाणूच्या नगरपरिषदा, आणि ज्या ग्रामपंचायतीला हवं तिला तिच्या गावाचं नाव. नवीन कार्यालय निघालं तर त्याची खोली याच वाड्यात. जुने पत्ते मोडायचे नाहीत. जुन्या पत्त्यावर आलेला माणूस नव्या दारात आपोआप पोचला पाहिजे, नाहीतर छापलेल्या सगळ्या पावत्या आणि भिंतीवरचे फलक वाया जातील. आणि पत्ता ठरला की तो कागदावर, एसटी स्टँडवर, अंगणवाडीच्या भिंतीवर, रंगवून. रोमन अक्षरं मोठी, खाली देवनागरीत उच्चार. गावात पल्स पोलिओची तारीख जशी रंगवतात तशी.

शोधाच्या चौकटीवर भरवसा ठेवून चालणार नाही. ती चौकट पत्त्यांची वही नव्हे. तिथे वरची जागा पैसे देऊन मिळते, आणि मासवणच्या मावशींचे योजनेचे पंधराशे रुपये ज्याला हवे आहेत तो त्या जागेचं भाडं आनंदाने भरतो.

त्या दिवशी मावशींची केवायसी खऱ्या पानावरून झाली. ओटीपी आला, नवऱ्याच्या आधारचं कामही उरकलं, त्या साडेबाराच्या एसटीला धावल्या. पोरगा जरा ओशाळला होता. म्हणाला, "काका, मला सगळे लिहून द्या ना. दिवसाला पन्नास लोक येतात."

मी त्याच्याच काउंटरवर उभ्याने लिहिले. लाडकी बहीण, मधल्या 'ए'खाली लाल रेघ मारून. सातबारा, दाखले, रेशन, दस्त, पासपोर्ट, कलेक्टर कचेरी. आठवा महाडिस्कॉम. परवा पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. कागद त्याने लॅमिनेट करून आतल्या बाजूने काचेला लावलाय, झेरॉक्सच्या दरपत्रकाच्या शेजारी. महाडिस्कॉमच्या पुढे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: लाइट बिल.